एका गालाचा देवमासा

मागच्या ऑक्टोबरात बल्लारपूरच्या आमच्या गल्लीत बातमी फुटली, की कांताबाई रामटेकेच्या घरी वाघाचे दात आहेत. एकदोन नव्हेत, ताटभर. बातमी आणली शेजारच्या वच्छलाबाईने. ती कढीपत्ता मागायला गेली होती, स्वतःच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड असून. कांताबाईच्या खिडकीच्या कट्ट्यावर तिला बोटाबोटाएवढे सुळे वाळत घातलेले दिसले. चौकातल्या पानठेल्यापर्यंत जाताजाता ताटाचं टोपलं झालं, आणि चार वाजेपर्यंत त्या टोपल्यात तीन वाघ मावले. आमच्या जिल्ह्यात खिशात वाघाची मिशी सापडली तरी माणसाला वकील पाहावा लागतो. त्यामुळे लोक कांताबाईच्या दारावरून जाताना आवाज खाली करायचे आणि मान मात्र लांब करायचे.

शेवटी वच्छलाबाईचा भाचा प्रफुल आला. तो वनरक्षक. त्याने दारात बूट काढले, एक दात उचलला, उजेडात धरला आणि मावशीकडे असं पाहिलं, की ती पदर सावरायला लागली.

"मावशे, वाघाच्या सुळ्याले असे करवतीसारखे दाते असते काय? अन् हे तर हाडाचंही नाई."

"रेझिनचं आहे," कांताबाई म्हणाली. "खाली ठेव बाबू. मुळाले धरू नको, मोडते."

दात होते देवमाशाचे. तेही खरे नव्हेत, खऱ्यांवरून यंत्रात छापलेल्या हुबेहूब प्रती. त्या आणल्या होत्या कांताबाईच्या पोरीने. दीपिका न्यूझीलंडच्या एका विद्यापीठात जीवाश्मांवर पीएचडी करते, आणि चांद्याच्या सोळा ऑक्टोबरच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्याला घरी असावं म्हणून महिनाभर आली होती. प्रवासात दातांना धूळ लागली म्हणून आईने ते धुऊन वाळत घातले, एवढीच गोष्ट. गल्लीला ही खरी बातमी फारशी रुचली नाही. वाघ बरा होता, असं गल्लीतल्या वामनरावांचं मत पडलं.

आता कांताबाई कोण, ते सांगायला हवं. ती कवळ्या बनवते. सव्वीस वर्षं झाली. मूळची पोंभुर्ण्याकडची, बारावी पास. लग्न होऊन बल्लारपूरला आली. नवरा अंकुश कागद कारखान्यात पाळीवर. पाळी सुटली की झोपतो आणि उठला की पाळीवर जातो, म्हणून या गोष्टीत तो फारसा दिसणार नाही. कांताबाई आधी चांद्याच्या एका दातांच्या डॉक्टराकडे नंबर पुकारायच्या कामाला लागली. तिथे एकदा एका म्हातारीची तुटलेली कवळी तिने जेवणाच्या सुट्टीत अशी जोडली, की डॉक्टरला भेग शोधावी लागली. त्याने तिला नागपूरला शिकायला धाडलं. तेव्हापासून राजुरा, गोंडपिपरी, पोंभुर्णा, इकडचे सगळे दातवाले डॉक्टर तिच्याकडे माप पाठवतात. माप म्हणजे तोंडाचा ठसा. ओल्या कापसात गुंडाळून, टिफिनच्या डब्यात घालून तो एसटीच्या कंडक्टरजवळ दिला जातो. एकदा एका कंडक्टरने भुकेच्या वेळी चुकीचा डबा उघडला होता. तेव्हापासून तो कांताबाईचा डबा मांडीवर नाही घेत, वरच्या फळीवर ठेवतो.

तिची स्मरणशक्ती दातांची आहे. चेहरे विसरते, दात नाही. आरमोरीच्या एका लग्नात पंगतीत समोरच्या पाहुण्याने वड्याचा पहिला घास तोडला आणि ही वाढणाऱ्या बाईला म्हणाली, "यायची कवळी माह्या हातची आहे. वर्ष झालं अशीन. डाव्या अंगानं टेकून राह्यली, घासून द्या लागते." पाहुण्याच्या बायकोला नवऱ्याचे दात खोटे आहेत हे तोवर माहीत नव्हतं. ते लग्न दुसऱ्याच कारणासाठी लोकांच्या लक्षात राहिलं.

आणि एक सवय. माप चुकीचं आलं, तर ती कवळी करतच नाही. डब्यात चिठ्ठी टाकून परत पाठवते: "माप चुकलं. परत घ्यावे." सही नाही, नमस्कार नाही. मोठमोठे डॉक्टर तो डबा उघडताना आधी चिठ्ठी आहे का ते पाहतात.

तर दीपिकाने तो दातांचा डबा आईच्या कामाच्या टेबलावर मांडला. एकीकडे मेण तापवायचा दिवा, प्लास्टरचं घमेलं, दुसरीकडे अडीच कोटी वर्षांपूर्वीचा देवमासा. कांताबाईने पहिला प्रश्न विचारला तो तिच्याच धंद्यातला.

"एवढ्या मोठ्या जनावराले एवढे लहान दात?"

"आजच्या मोठ्या देवमाशांना तर दातच नसतात आई. वरच्या जबड्यातून झालरी लोंबतात, झाडायच्या फड्यासारख्या. तोंडभर पाणी घ्यायचं, झालरीतून बाहेर सोडायचं, बारीक मासोळ्या आत राहतात."

"म्हणजे गाळणी."

"गाळणी. पण त्यांचे पूर्वज दातवाले होते. दात जाऊन गाळणी कशी आली, हेच तर आम्ही शोधतोय. हा त्या मधल्या घराण्यातला."

"मंग हा खाये कसा? चावे का चोखे?"

दीपिका हसली. म्हणाली, याच प्रश्नावर तिकडे लोक एकमेकांशी बोलेनासे झालेत.

गोष्ट अशी होती. तिकडच्या समुद्रकाठच्या एका कड्यात पन्नास वर्षांपूर्वी एक उजवा जबडा सापडला होता. त्याचे दात हिरडीपर्यंत झिजलेले, नुसती खुंटं. त्यावरून एका जुन्या शास्त्रज्ञाने एक जात ठरवली: समुद्राच्या तळाशी चिखल चोखून खाणारा देवमासा. दोन वर्षांपूर्वी त्याच कड्यात, थोड्या अंतरावर, दीपिकाला डावा जबडा सापडला. त्याचे दात उंच, टोकदार, कडा पळसाच्या पानासारखी सपाट नव्हे, कडुलिंबाच्या पानासारखी दातेरी. झीज नावापुरती. तिने ठरवलं, ही दुसरीच जात. चावून खाणारी. प्राणी ओळखायला कानाचं हाड सगळ्यात खात्रीचं, पण ते दोघांचंही हाती नव्हतं. दातांवरच सगळी भिस्त, म्हणून दोन्ही जबड्यांच्या दातांच्या प्रती ती डब्यात घालून घेऊन आली होती.

नव्या जातीवर तिच्या प्रबंधाचा मुख्य भाग उभा होता. लेख तयार होता, महिनाअखेर धाडायचा होता, आणि मार्चमध्ये तिची मुदत संपत होती. नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. दीपिकाने आईचं नाव ठरवलं होतं. लॅटिन शेपटी लावून कांता.

हे तिने आईला सांगितलं तेव्हा वामनराव ओट्यावर बसले होते. वामनराव शेजारचे, निवृत्त पोस्टमन. निवृत्तीनंतर त्यांनी टपाल वाटणं सोडलं, बातम्या वाटणं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी भाजीवाली कांताबाईला म्हणाली, "तुमच्या नावाचा मासा निघाला म्हणते." कांताबाईने वांगी तेवढी घेतली. पण त्या दिवशी तिने घरात येऊन आरशात पाहिलं, हे वच्छलाबाईने खिडकीतून पाहिलं.

कांताबाईला हातातली वस्तू नुसती बघता येत नाही. दीपिका नातेवाइकांकडे गेली की ही दात काढून बसायची. कवळी जुळवायचा एक पितळी सापळा असतो. वरचे-खालचे दात त्यात बसवून उघडझाप करून पाहतात. कांताबाई त्याला 'जबडा' म्हणते. एका दुपारी तिने मेणाच्या पट्टीवर एकीकडे उजवी खुंटं लावली, दुसरीकडे डावे उंच दात, आणि पुढून प्लास्टरने दोन्ही बाजू जोडून माणसासारखा अखंड जबडा केला. तोंड भलतंच वाकडं झालं. दीपिकाने येऊन पाहिलं आणि पोट धरून हसली.

"आई, एक तर या दोन वेगळ्या जाती. आणि देवमाशाचा खालचा जबडा पुढून असा पक्का जुळलेला नसतो. दोन बाजू सुट्या असतात."

कांताबाईने प्लास्टर फोडायला सुरी घेतली होती, ती तशीच हातात राहिली.

"सुट्या? म्हणजे दोन्हीकडचे दात वेगवेगळे फिरते?"

"थोडेफार, हो."

"मंग झीज दोन्हीकडं सारखी काऊन पायजे?"

दीपिकाचं लक्ष तोवर फोनमध्ये होतं. तिने "हं" म्हटलं. कांताबाईने सुरी खाली ठेवली.

आमच्याकडे खर्रा खातात. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून गालात धरायचा. वामनराव तो शाळेपासून खात आले. खाणारा माणूस गाल बदलत नाही. ज्या गालात पहिल्या दिवशी धरला त्याच गालात शेवटपर्यंत. कांताबाईने असे शेकडो ठसे पाहिलेत: एका बाजूचे दात घासून सपाट, दुसऱ्या बाजूचे जसेच्या तसे. धंद्यात नवी होती तेव्हा एकदा तिला वाटलं होतं, की डॉक्टरने दोन माणसांची मापं एका डब्यात घातली. चिठ्ठी टाकून परत पाठवलं. डॉक्टरने माणसालाच एसटीत बसवून पाठवून दिलं. ते वामनराव होते, आणि त्यांची कवळी मग तिनेच बनवली.

तेव्हापासून ती झिजलेला माथा पाहत नाही. दाताची मान पाहते, जिथे दात हिरडीतून बाहेर येतो ती जागा. "माथा खाल्ल्यानं झिजते," ती म्हणते, "मान आईच्या पोटातून आणलेली राह्यते."

तिने डाव्या बाजूच्या चार दातांच्या मानांचे ठसे घेतले आणि आरशात दिसतील तसे उलटे करून मेणात कोरले. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी पहिला मेणाचा दात तिने उजव्या खुंटावर ठेवला. मानेला मान बसली. दाताच्या मागच्या मुळाशी एक बारीक घडी होती, गव्हाच्या दाण्याच्या खाचेएवढी. तीही घडीवर घडी बसली. एका दाताचं तिने योगायोग म्हणून सोडलं. चार दातांचं झालं, तेव्हा ती उठून परसात गेली आणि कारण नसताना कढीपत्त्याला पाणी घातलं. सकाळीच घातलेलं होतं.

त्यानंतर पाच दिवस कांताबाई गप्प होती. वच्छलाबाईला वाटलं मायलेकींचं भांडण झालं, आणि तिने तसं गल्लीभर कळवायची व्यवस्थाही लावली. भांडण नव्हतं. पोरगी रोज सकाळी लेख उघडून एकेक वाक्य घासत होती, आणि आई समोर बसून पाहत होती, की घासायचंय ते भलतंच आहे. डॉक्टरांना परत पाठवायचे डबे सोपे. त्यांची दोन वर्षं त्यात नसायची.

सहाव्या दिवशी तिने त्यातला एक मेणाचा दात दीपिकाच्या तळहातावर ठेवला.

"हा तुह्या डाव्याचा. उलटा केलेला. उजव्यावर बसवून पाह्य."

दीपिकाने बसवला. काढला. पुन्हा बसवला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बसवला.

"एक म्हातारा असेल, एक तरुण," ती म्हणाली. "जवळच्या जाती असतील. माना सारख्या असू शकतात."

"तरुण नाई. वाढ झाली का मुळाची टोकं बुजते; पाह्य, दोघांचीही बुजली. दोघंही म्हातारे. एकच झिजला."

"एकाच जातीत एवढा फरक कसा असेल? एक बाजू खुंटं, एक बाजू शाबूत?"

"वामनभाऊले विचार."

दीपिका त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, ती मेणाचा दात ताटाशेजारी ठेवून. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुला कळतंय ना आई, तुझं म्हणणं खरं असेल तर माझ्याकडे नवीन जातच नाही. मार्चला मी काय देऊ?"

"कळते."

"आणि तुझं नावही जाईल."

"तेही कळते. पोंभुर्ण्याला कवळ्या पोचवाच्या आहे, येतं काय? बाजार आहे आज."

पोंभुर्ण्याच्या बाजारात कांताबाईने कवळ्या दिल्या, मोहाची फुलं आणि डिंक पाहत फिरली, आणि पोरीला एका चिंचेखाली बसवून म्हणाली, "गाल पाह्य." दीपिका आधी चिडली. मग पाहायला लागली. बैल विकणारा, चपलांचा दुकानदार, ट्रॅक्टरवर बसलेले दोघं. फुगलेला गाल कुणाचा डावा, कुणाचा उजवा, पण थुंकून नवा भरला तरी पुन्हा त्याच गालात. दोन तासांत तिने वहीत चाळीस माणसं टिपली. गाल बदलणारा एक निघाला, त्याच्या दाताला ठणका होता. एका म्हाताऱ्याने तिला विचारलं, "सर्वे आहे काय बाई? घरकुलाचा?" ती म्हणाली, "देवमाशाचा." त्याने नाव लिहून घ्यायला सांगितलं, यादीत असलेलं बरं म्हणून.

परतीच्या एसटीत ती वहीतली चाळीस माणसं पुन्हा मोजत होती. मग एकदम आईकडे वळली.

"आजचे काही देवमासे तळाशी चिखलात खायला जातात ना, ते एका कुशीवर झोपून खातात. बहुतेक उजव्या. त्यांच्या त्या बाजूच्या झालरी जास्त झिजलेल्या असतात."

"मंग? तेच तर म्हणून राह्यली मी."

"तू खर्रा म्हणत होतीस."

"चिखल अन् खर्रा, दाताले काय फरक पडते?"

थोड्या वेळाने कांताबाईने विचारलं, "त्या पहिल्या जबड्याची डावी बाजू कुठी आहे?"

"सापडलीच नाही. उजवाच होता." दीपिका थांबली. "एक सुटा दात होता जवळ. उंच, टोकदार. त्या शास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय, की तो दुसऱ्या प्राण्याचा, वाहून आलेला. संग्रहालयाच्या खणात पडलाय. कुणी पाहिला नाही."

एसटी वाटेत कोठारी गावाला थांबली होती. तिने तिथूनच तिकडे संदेश पाठवला: त्या दाताच्या मानेची मापं हवीत, आणि मागच्या मुळाशी घडी आहे का ते बघा.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत दीपिकाने लेख उघडला नाही. आईच्या शेजारी बसून तिने मेण वितळवलं, कवळ्यांना गुलाबी रंग चढवला, आणि एका गोंडपिपरीच्या बाईच्या कवळीत समोरचा दात थोडा वाकडा बसवला, कारण बाईचा मूळचा तसा होता आणि तिला तसाच हवा होता. कांताबाई तिला काही विचारत नव्हती. फक्त रोज दुपारी पोस्टाची वेळ झाली की दाराकडे बघायची. उत्तर फोनवर येणार हे तिला माहीत होतं. तरी बघायची.

उत्तर आलं तेव्हा दीपिका भात वाढत होती. तिने वाचलं, पळी पातेल्यात ठेवली आणि फोन आईपुढे धरला. पडद्यावर दाताचं चित्र होतं, मागच्या मुळाशी गव्हाच्या खाचेएवढी घडी. खाली आकडे. तिच्या डाव्या दाताशी केसभर फरक.

"एकच जात," दीपिका म्हणाली. "त्या पहिल्या प्राण्याचाच डावा दात. पन्नास वर्षं खणात होता, आणि माझाही त्याच जातीचा."

"जेव आधी," कांताबाई म्हणाली. आणि पळी उचलून भात वाढत, "रडाचं असन तर रड. अंकुश झोपला आहे, आवाज कमी कर."

ती रडली नाही. रात्रीपर्यंत तिने लेखाचं शीर्षक खोडलं होतं. नव्या शीर्षकात नवी जात नव्हती. जुनीच होती, पण तिला आता डावी बाजू होती, खायची तऱ्हा होती, आणि झोपायची कूसही. मार्गदर्शकबाईंनी आधी आठवडाभर कुरकुर केली, मग मुदत जूनपर्यंत वाढवून दिली. जाताना दीपिका दात घेऊन गेली, मेणाचा तेवढा आईकडे राहिला, कारण प्रवासात चेपला असता.

लेख पावसाळ्याच्या तोंडावर छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं: कांता रामटेके, दंततंत्रज्ञ, बल्लारपूर, दातांच्या मानेकडे लक्ष वेधल्याबद्दल. वामनरावांनी तो फोनवर मोठा करून करून वाचला, ओट्यावरून खाली उतरले आणि कांताबाईच्या खिडकीशी उभे राहिले. ती कुणाच्या तरी कवळीला पॉलिश करत होती. गल्लीतल्या चारपाच जणी आधीच काही ना काही कारणाने तिथे होत्या.

"कांताबाई," वामनराव म्हणाले, "अख्खा मासा तुमच्या नावाचा होऊन राह्यला होता. तुम्ही आपल्या हातानं घालवला, अन् भेटली काय, तर मुंगीएवढी ओळ. माणसानं एवढं खरं काऊन बोलावं?"

कांताबाईने कवळी उजेडात धरली, फुंकर मारली आणि पुन्हा चाकाला लावली.

"वामनभाऊ, तुमची कवळी मी अर्धीच बनवून दिली असती, अन् तिच्यावर माहं नाव मोठ्या अक्षरात कोरलं असतं, तर तुम्ही घालून फिरले असते काय?"